ऐकणारे वस्त्र

बंगळूरच्या जुन्या पेठेत दोन बाजार एकमेकांपासून फारसे दूर नाहीत. चिकपेठेत रेशीम आणि जर विकली जाते. तेथून थोडे चालत गेले की सदर पत्रप्पा रस्ता लागतो. सारे शहर त्याला एस. पी. रोड म्हणूनच ओळखते. तेथे तारा, दिवे, मायक्रोफोन आणि नखाएवढी गणकयंत्रे ढिगांनी मिळतात. कब्बनपेठेतील विणकरांची जुनी वस्तीही याच परिसरात आहे. धागा आणि तार यांचा हा शेजार या शहराच्या इतिहासाला साजेसाच म्हणावा लागेल. १८८४ साली येथे लोकर, सूत आणि रेशीम यांची मोठी गिरणी निघाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जमशेटजी टाटांनी बसवनगुडीच्या बाजूला रेशमाची शेती करविली, आणि तिचे नाव त्या वस्तीला आजही चिकटून आहे. पुढे स्वातंत्र्यानंतर १९४८ साली दूरध्वनी यंत्रांचा आणि १९५४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्सचा असे कारखाने येथे उभे राहिले. म्हणजे या नगरीने प्रथम धागा हाती घेतला व मग तार. त्या दोहोंची गाठ मारणारी एक कला आता जगभर रुजू लागली आहे, आणि येथील रचनाशाळांतील तरुणांनाही तिचे आकर्षण वाटते. आवाज होताच उजळणारे, रंग पालटणारे किंवा थरथरणारे वस्त्र विणण्याची ही कला होय. त्या कलेच्या निमित्ताने मनात उभा राहिलेला एक नैतिक प्रश्न वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वस्त्रातून वीज खेळविणे ही कल्पना वाटते तितकी नवलाची नाही. खरी जर म्हणजे रेशमी धाग्याभोवती चपटी केलेली रुप्याची तार गुंडाळून तिच्यावर दिलेला सोन्याचा मुलामा. आणि विजेला वाट देण्यात रुप्याची बरोबरी करणारा दुसरा धातू नाही. आपल्या आजीच्या पैठणीच्या पदरातून वीज वाहू शकली असती. तशी गरज कोणाला भासली नाही, इतकेच. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत मॅगी ऑर्थ, रेहमी पोस्ट प्रभृती संशोधकांनी कापडावर विजेची मंडले रचण्याचे प्रयोग आरंभिले, तेव्हा त्यांनी हाती घेतलेले एक कापड असेच होते. धातूची पातळ पत्री गुंडाळलेल्या धाग्याचे ते रेशमी कापड आपल्या जरीकामाचे सगोत्रच म्हणता येईल. शिवाय गणकयंत्राचे आणि मागाचे नाते तर त्याहून जुने आहे. लिआँचा विणकर जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या साहाय्याने नक्षी विणणारा माग सिद्ध केला, आणि तीच युक्ती चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी उचलली. तेव्हा वस्त्रात गणकयंत्र शिरले, यात माहेरी परत आल्यासारखेच काही आहे.

आता या वस्त्राची घडण थोडक्यात पाहू. कापडात कोठेतरी एक लहानसा मायक्रोफोन शिवलेला असतो. हवेतील कंपनांमुळे त्यात विजेचा अत्यंत सूक्ष्म तरंग उमटतो; तो वाढवून छोट्या गणकयंत्राकडे पाठविला जातो. ते यंत्र सेकंदाला हजारो वेळा त्याचे मोजमाप घेते, आणि ठरवून दिलेल्या मर्यादेच्या वर आवाज गेला की वाहक धाग्यांतून वीज सोडते. मग कोठे दिवे लागतात, कोठे ऊब लागून रंग पालटतो. या साऱ्या रचनेत ती ठरवून दिलेली मर्यादाच निर्णायक असते. तिला मराठीत ‘उंबरठा’ म्हणावे. उंबरठ्याच्या अलीकडे राहिलेला आवाज वस्त्राच्या लेखी झालाच नाही. पंख्याची घरघर, रस्त्यावरचे कर्णे, शेजारच्या खोलीतील कुजबुज यांपैकी काय आत घ्यावयाचे आणि काय बाहेर ठेवावयाचे, हे वस्त्र ठरवीत नाही, विणकर ठरवीत नाही. ते रचनाकार आपल्या मेजाशी बसून एका आकड्याने ठरवितो. तो आकडा लिहिला न गेला तर वस्त्र कशालाही उजळेल, म्हणजेच कशालाच उजळल्यासारखे होणार नाही. उंबरठा हवाच. पण तो हवा म्हणून तो निरागस ठरत नाही.

अशा वस्त्रापुढे उभा राहिलेला प्रेक्षक टाळी वाजवितो, वस्त्र उजळते, आणि तो सहज म्हणून जातो, “हे ऐकते आहे!” माझ्या प्रश्नाचा उगम या उद्गारात आहे. वस्त्र खरोखर ऐकते का? आणि ऐकत नसेल, तर ‘ऐकते’ म्हटल्याने आपले काय बिघडते?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास आपल्या दोन भाषा पुरेशा आहेत. एक आपण घरून आणलेली व दुसरी या भूमीने पुढे केलेली. मराठीत ‘ऐकणे’ म्हणजे केवळ कानावर पडणे नव्हे. ‘तो कुणाचे ऐकत नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा त्या गृहस्थाच्या कानांत दोष आहे, असे आपल्याला सुचवायचे नसते. दुसऱ्याच्या शब्दाने आपले वागणे बदलू देणे, हा त्या क्रियापदाचा खोल अर्थ आहे. कन्नडात ‘केळु’ या धातूचे दोन अर्थ आहेत, ऐकणे आणि विचारणे. जो ऐकतो तोच विचारतो, आणि ज्याने विचारले नाही त्याने ऐकले की नाही याची शंका घ्यावी, असे जणू त्या भाषेने आपल्या शब्दकोशातच नोंदवून ठेवले आहे. या दोन कसोट्या आपल्या वस्त्रास लावून पाहाव्यात. आवाज थांबला की वस्त्र पूर्ववत होते. त्याच्या ठायी काही बदलले असे होत नाही. आणि कितीही सुंदर उजळले तरी ते उलट प्रश्न विचारीत नाही. रडणाऱ्या मुलाच्या आवाजाला आणि दारावर आपटलेल्या काठीच्या आवाजाला, दोन्हींची तीव्रता सारखी असेल तर ते सारखाच उजेड देईल. तेव्हा वस्त्र प्रतिसाद देते, ऐकत मात्र नाही.

आपल्या परंपरेलाही हा भेद अपरिचित नाही. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला आत्मज्ञानाचा मार्ग सांगतो त्यात श्रवणामागून मनन आणि मननामागून निदिध्यासन येते. श्रवण हे आरंभस्थान, पण त्यातून पुढे जाणारी वाट आहे म्हणूनच त्याला आरंभ म्हणावयाचे. समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्तीचे विवरण केले त्यातही पहिला समास श्रवणभक्तीचाच आहे. या देशात ऐकण्याला केवळ इंद्रियाचे नव्हे, साधनेचे स्थान दिले गेले. आणि साधना म्हटली की ती करणाऱ्याला काही खर्च करावे लागते. वस्त्राच्या प्रतिसादात विजेखेरीज कोणाचेच काही खर्च होत नाही.

यावर कोणी म्हणेल की हा शब्दांचा कीस झाला. कलेत अशी लक्षणा चालतेच. ‘वारा गातो’ म्हटल्याने वाऱ्याला कंठ फुटत नाही, तसे ‘वस्त्र ऐकते’ म्हटल्याने काय मोठे आभाळ कोसळणार आहे? हा आक्षेप खरा आहे, आणि कलावंतापुरता मी तो मान्यही करीन. अडचण वेगळीच आहे. प्रतिसाद मिळाला म्हणजे आपले ऐकले गेले, ही समजूत माणसाला फार लवकर जडते. आणि प्रतिसाद देण्याची व्यवस्था केली म्हणजे आपण ऐकण्याचे कर्तव्य पार पाडले, ही समजूत सत्ताधाऱ्याला त्याहूनही लवकर जडते. १६०५ साली राज्यावर येताच जहांगीर बादशहाने न्यायासाठी साठ घंटांची सोन्याची साखळी आग्र्याच्या किल्ल्यापासून यमुनेच्या काठापर्यंत बांधविली, असे त्याच्या आत्मचरित्रात आहे. ज्याला दाद मागावयाची त्याने साखळी ओढावी. कल्पना उदात्त होती, यात संशय नाही. पण ज्या खेडुताला आग्र्यापर्यंत चालत येणे शक्य नव्हते, त्याच्यासाठी साखळीचे दुसरे टोक कोठेच नव्हते. घंटा किती मोठ्याने वाजली हे आपण विचारतो. ती कोणाच्या हाताला लागत होती हे विचारण्यास विसरतो.

आपण सारे नोकरीनिमित्त घरापासून दूर आलेले, कमीअधिक प्रमाणात कागदांच्या व्यवहारात आयुष्य घालविणारे लोक आहोत. आपल्या व्यवहारातील ‘पोच’ हा शब्द येथे आठवल्याशिवाय राहत नाही. अर्ज येतो, त्यावर शिक्का बसतो, क्रमांक पडतो, आणि अर्जदाराला पोच जाते. पोच ही चांगलीच गोष्ट आहे. ती न मिळणे हा अन्याय आहे. पण पोच म्हणजे उजळलेले वस्त्र. तिच्यामागे कोणी अर्ज वाचला का, वाचून काही विचारले का, विचारून काही बदलले का, हे तीन प्रश्न तिच्यावरून कळत नाहीत. आता तर पोच देण्याचे काम यंत्राकडेच गेले आहे. बटण दाबताच क्षणार्धात ती येते. जितकी ती तत्पर, तितके तिच्यामागे माणूस असल्याचे भासते. आणि तितकाच तो नसण्याचा संभव असतो.

येथवर प्रश्न तात्त्विक राहिला. पण तो तेथे थांबू शकत नाही, कारण वस्त्र हे कोणीतरी विणावे लागते. आणि आवाजाला उजळणाऱ्या कापडाचा ताणाबाणा बहुधा ज्या यंत्रमागावर विणला जाईल, त्याच्या आवाजाचा विचार केल्यावाचून या कलेबद्दल काहीही बोलणे अपुरे ठरेल. खड्ड्याच्या हातमागाची खटखट माणसाच्या हातापायांच्या लयीने चालते. यंत्रमागाचे तसे नाही. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसविला, तेव्हापासून त्या गावाने आणि पुढे भिवंडी, मालेगाव यांनी हा आवाज रात्रंदिवस सोसला आहे. बंगळूरच्या विणकर वस्त्यांनाही तो नवा नाही. अशा शेडमध्ये आवाजाची पातळी ९० डेसिबलच्या वर सहज जाते, आणि आठ तासांच्या कामासाठी ८५ डेसिबलपलीकडे जाऊ नये अशी तज्ज्ञांची शिफारस आहे. स्कॉटलंडातील डंडी येथे ताग विणणाऱ्या स्त्रियांच्या श्रवणशक्तीची तपासणी करून तिचे निष्कर्ष १९६५ साली प्रसिद्ध झाले. जितकी वर्षे मागापाशी गेली तितका कान अधिक गेला, असे त्यात दिसून आले.

या बहिरेपणाची तऱ्हा विलक्षण आहे. ते एकदम येत नाही व सर्व आवाज सारखेच नेत नाही. आधी उंच कंपनसंख्येचे ध्वनी जातात. बोलण्यातले ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे वर्ण पुसट होतात. माणसाला आवाज येतो, शब्द कळत नाही. घरातले लोक म्हणतात, “याला ऐकू तर येते, पण हा लक्ष देत नाही.” विचार करून पाहावा: आवाज कळणे आणि अर्थ न कळणे ही आपण वर वस्त्राची मर्यादा म्हणून सांगितली. यंत्राने ती मर्यादा आधी विणकराच्या वाट्याला आणून ठेवली आहे. ज्याच्या हातून टाळीला उजळणारे कापड उतरले, त्याला नातवाचे बोबडे बोल कळेनासे झाले असणे शक्य आहे. कन्नड वचनकारांच्या आद्य पिढीतील जेडर दासिमय्या हा विणकर होता. मागावर बसून ज्याने ऐकले, चिंतिले आणि बोलला, अशा माणसाची आठवण जपणाऱ्या या प्रदेशात तरी विणकराच्या कानाची किंमत शून्य धरली जाऊ नये.

कायद्याने ती शून्य धरली आहे असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात गोंगाटाने येणाऱ्या बहिरेपणाला कळविण्यायोग्य रोगांच्या यादीत जागा मिळाली. पण त्याच कायद्याने विजेवर चालणारी जागा ‘कारखाना’ ठरण्यास दहा कामगारांची अट घातली होती, आणि २०२० च्या संहितेने त्या व्याख्येतील संख्या वीसवर नेली. दोन-चार मागांच्या शेडमध्ये, बहुधा घराच्याच भिंतीला लागून, जो मनुष्य तीस वर्षे उभा राहतो, त्याचा कान या आकड्याच्या अलीकडे राहतो. पुन्हा उंबरठाच! शासनाला सर्वत्र पोचता येत नाही, म्हणून कोठेतरी रेघ ओढावी लागते, हे आपणांस सांगण्याची गरज नाही. त्या रेघा ओढण्यात आपल्यापैकी कित्येकांचा हात लागलेला असतो. रेघ ओढणे हा दोष नव्हे. रेघेच्या अलीकडे जे राहिले ते नाहीच, असे मानू लागणे हा दोष आहे. मायक्रोफोनला ही चूक करण्यावाचून गत्यंतर नसते. माणसाला असते.

मग ही कलाच टाकाऊ म्हणावयाची काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथील एका तरुण वाद्यवृंदासाठी २०१६ च्या सुमारास असा सदरा बनविण्यात आला, की वाद्यांचे सूर त्यात बसविलेल्या लहान यंत्रांच्या थरथरीने अंगावर उमटावेत, आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांनाही संगीताचा स्पर्श व्हावा. २०२२ साली मॅसॅच्युसेट्सच्या त्याच संस्थेतील संशोधकांनी कानाच्या पडद्याच्या धर्तीवर असा तंतू सिद्ध केला, की तो विणलेले कापड स्वतःच मायक्रोफोन बनते आणि अंगात घातले असता हृदयाचे ठोके टिपते. हे प्रयोग पाहिले की ध्यानात येते, वस्त्राने ऐकण्याचे सोंग आणावे यापेक्षा माणसाला ऐकण्यास साहाय्य करावे, हा मार्ग अधिक सरळ आहे. बहिऱ्याच्या अंगावर सूर पोचविणारे वस्त्र ऐकत नाही, तेही केवळ प्रतिसादच देते; पण त्या प्रतिसादाच्या पलीकडच्या टोकाला ऐकणारा मनुष्य आहे. प्रतिसाद हा कोणाच्या तरी श्रवणाकडे नेणारा पूल ठरला, तर त्याच्याविषयी तक्रार करण्यास जागा उरत नाही.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती भिंतीला कान असतात या जुन्या म्हणीने आधीच सांगितलेली आहे. आवाजाची तीव्रता मोजून ती तत्क्षणी विसरणारे वस्त्र वेगळे, आणि बोललेले शब्द साठवून दूर कोठे पाठविणारे वस्त्र वेगळे. दिसण्यात मात्र दोन्ही सारखीच. पाहुण्याच्या खोलीतील पडदा त्याचे बोलणे टिपतो आहे काय, हे पाहुण्याला पाहून कळणार नाही. म्हणून असे वस्त्र टांगणाऱ्याने ते काय घेते व काय ठेवते हे आपण होऊन सांगितले पाहिजे. पडद्याचा मूळ धर्म झाकण्याचा आणि आवाज शोषून खोली शांत करण्याचा. त्याने तो धर्म गुपचूप सोडला तर घरातल्या माणसाचा विश्वासघात होतो.

कलावंताला उपदेश करण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. पण एक विनंती करता येईल. उंबरठ्याचा जो आकडा तो लिहितो, त्याची दिशा उलटविणे यंत्राच्या दृष्टीने एका ओळीचे काम आहे. मोठ्या आवाजाला उजळणारे वस्त्र करण्याऐवजी, गोंगाटात काळोखे राहून हलक्या बोलण्याला हळूहळू उजळणारे वस्त्र करता येईल. त्याच्यापुढे ओरडणाऱ्याला काही दिसणार नाही. दोन माणसे जवळ उभी राहून धीम्या स्वरात बोलली, तरच त्याचे रंग उमलतील. आणि हे वस्त्र ज्या मागावर विणले त्या मागापाशी किती डेसिबल आवाज होता व तेथे कोण उभे होते, हेही प्रदर्शनातील पाटीवर लिहावे. एवढ्याने विणकराचा कान परत येणार नाही. मात्र पाहणाऱ्याला ‘हे ऐकते आहे’ असे म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे लागेल, आणि त्या थांबण्यात श्रवणाचा आरंभ असू शकेल.

राहता राहिलो आपण. बदलीवर बंगळुरात येणारा मराठी गृहस्थ जी कन्नड वाक्ये सर्वांत आधी शिकतो त्यांत ‘कन्नड गोत्तिल्ल’, म्हणजे ‘मला कन्नड येत नाही’, हे हमखास असते. सोयीचे वाक्य आहे. त्याने पुष्कळ बोलणी तेथेच संपतात. पण तो उंबरठाच आहे, आणि तो आपण स्वतः बसविलेला आहे. भाजीवालीचे, शिपायाचे, कचेरीच्या पायरीवर सकाळपासून बसलेल्या म्हाताऱ्याचे बोलणे आपल्याला ऐकू येते. विणकराला यावे तसे, केवळ आवाज म्हणून. विणकराचा कान यंत्राने नेला, आपला कान शाबूत आहे, एवढाच फरक. म्हणून त्याच भाषेतले दुसरे क्रियापद, ‘केळु’, आपण शिकावे. त्या म्हाताऱ्याने सांगितलेले एकदा ऐकावे, न कळलेले त्यालाच विचारावे, आणि तो उठून जाण्यापूर्वी त्याच्या कागदावर जो शेरा पडणार आहे तो या विचारण्यामुळे एखाद्या शब्दाने तरी बदलू द्यावा. पोच त्याला आधीच मिळालेली आहे.